गोचिडांचं औषध कुत्र्याला बाधलं तर

गोचीड आणि पिसवा मारायचं औषध म्हणजे शेवटी एक विषच, फक्त ते किड्याला जास्त आणि कुत्र्याला कमी लागेल असं निवडलेलं. बहुतेक कुत्र्यांना ते सोसतं. काहींना बाधतं, आणि अशा वेळी खोलात गेलं तर बहुधा अंदाजाने धरलेलं वजन, झाकणाने मोजलेलं औषध किंवा गोठ्यातून उचललेली बाटली सापडते. क्वचित सगळं बरोबर करूनही त्रास होतो. दोन्ही वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न एकच असतो: दिलं काय होतं? त्याचं उत्तर ‘ते निळ्या खोक्यातलं’ असं असू नये, यासाठी हा लेख.

पहिली पायरी: खोका उलटा करून घटक वाचा

समोर मोठ्या अक्षरात ब्रँड असतो, मागे बारीक अक्षरात घटक असतो. कामाचा तोच. बाधण्याची लक्षणं, त्यांची वेळ आणि उपचार सगळं घटकावर ठरतं. आपल्याकडे कुत्र्यांसाठी जे मिळतं त्याचे ढोबळ गट असे:

चघळायच्या गोळ्या. अफोक्सोलॅनर (नेक्सगार्ड), फ्लुरालॅनर (ब्रॅव्हेक्टो), सॅरोलॅनर (सिम्पारिका), लोटिलॅनर (क्रेडेलिओ). नावं चार असली तरी घराणं एकच, आयसोक्साझोलिन.

मानेवर टाकायचे थेंब, म्हणजे स्पॉट-ऑन. यात बहुतेक फिप्रोनिल, एकटं किंवा एस-मेथोप्रीनबरोबर. काहींत इमिडाक्लोप्रिड आणि पर्मेथ्रिन.

गळ्यातले पट्टे. फ्लुमेथ्रिन, सोबत इमिडाक्लोप्रिड किंवा प्रोपॉक्सर.

पाण्यात मिसळून अंगाला लावायची औषधं. अमिट्राझ, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन. यांतली बरीचशी मुळात गाई-म्हशींसाठी बनलेली असतात.

आणि आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. कुत्र्याच्या गोचिडांवरचं ते अधिकृत औषध नव्हे, तरी गावोगाव सर्रास टोचलं जातं.

खोका फेकू नका. औषधाची तारीख, बॅच नंबर आणि त्या दिवशीचं वजन त्याच्यावरच पेनाने लिहून लसीकरणाच्या कार्डात ठेवा, किंवा फोनमध्ये फोटो काढा.

दुसरी पायरी: वजन करा, अंदाज नको

आधी तुम्ही एकटे वजनकाट्यावर उभे राहा, मग कुत्र्याला उचलून उभे राहा, दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्याचं वजन. पिल्लाला भाजीच्या काट्यावर टोपलीत बसवा. लॅब्राडॉर उचलवत नसेल तर दवाखान्यात काटा असतोच, आणि वजन करण्याचे सहसा पैसे घेत नाहीत.

गोळ्या वजनाच्या गटांत येतात: २ ते ४ किलो, ४ ते १०, १० ते २५ असे. या गटांत थोडी मोकळीक धरलेली असते, म्हणून १० किलोच्या कुत्र्याला १० ते २५ ची गोळी दिली तर आकाश कोसळत नाही. पण २५ ते ५० किलोची एक गोळी घेऊन तिचे चार तुकडे चार पॉमेरेनियनमध्ये वाटणं हा बचतीचा धंदा अंगाशी येतो. कोणत्या तुकड्यात किती औषध गेलं याचा हिशेब तुमच्याकडे राहत नाही, आणि त्रास झाला तर डॉक्टरांनाही तो मांडता येत नाही.

वयाचंही तसंच. बहुतेक औषधं आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना चालत नाहीत, काहींची मर्यादा त्याहून बरीच वरची आहे. इतक्या लहान पिल्लाच्या अंगावरचे गोचीड चिमट्याने काढायचे, पिसवांसाठी बारीक दातांचा कंगवा वापरायचा.

हेही आधी बघा: कुत्रा आज जेवलाय का, अंग तापलंय का, हिरड्या गुलाबी आहेत का. ढीगभर गोचीड असलेला कुत्रा मरगळलेला असेल तर त्याला आधीच गोचीडताप असू शकतो. एर्लिकिया आणि बबेशिया हे दोन्ही आजार आपल्याकडच्या तपकिरी गोचिडातून पसरतात. ताप, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त, पोटावर बारीक लाल ठिपके ही त्यांची लक्षणं. अशा कुत्र्याला संध्याकाळी गोळी दिली आणि सकाळी तो उठला नाही, की खापर गोळीवर फुटतं आणि खऱ्या आजाराची रक्ततपासणी दोन दिवस लांबते.

कुत्र्याला कधी फिट आली असेल, मधुमेह असेल, ती गाभण किंवा दूध पाजणारी असेल, किंवा दुसरं काही औषध चालू असेल तर दुकानातून परस्पर औषध घेऊ नका, डॉक्टरांना विचारून घ्या. कोली, शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींची, किंवा त्यांची मिसळ वाटणारी कुत्री असतील तर आयव्हरमेक्टिनचं नावच काढू नका. कारण पुढे येतंच आहे.

तिसरी पायरी: देताना

स्पॉट-ऑन टाकायच्या आधी आणि नंतर दोन दिवस शाम्पूची आंघोळ नको. औषध कातडीच्या तेलकट थरातून अंगभर पसरतं, शाम्पू तो थर धुऊन टाकतो. खांद्याच्या दोन हाडांमध्ये, शक्यतो मानेकडे सरकून, केस दोन बाजूंना करा. कातडीची पांढरी रेघ दिसली की नळीचं टोक तिथे टेकवून दाबा. केसांवर ओतलेलं औषध वाया जातं आणि चाटलं जातं. खरूज, जखम किंवा नुकतंच ब्लेड फिरवलेली जागा टाळा. घरात दोन कुत्री असतील तर औषध वाळेपर्यंत वेगळी ठेवा, ती एकमेकांची मान चाटतात.

घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं स्पॉट-ऑन आणूच नका. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. कुत्र्याच्या अंगाला घासून किंवा त्याला चाटूनही मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं. सशाला फिप्रोनिल असंच घातक.

गोळी जेवणाबरोबर द्या, निदान फ्लुरालॅनर आणि लोटिलॅनर तरी. अन्नाबरोबर ती नीट शोषली जाते. पहिली मात्रा सकाळी द्या, दवाखाना उघडा असलेल्या दिवशी. शनिवारी रात्री दिलेल्या औषधाचा त्रास रविवारी पहाटे सुरू होतो आणि तेव्हा शटर खाली असतं.

एका दिवशी एकच गोष्ट. गोळी, नवा पट्टा, लस आणि घरात पेस्ट कंट्रोल हे सगळं एकाच शनिवारी उरकलं तर कशाने त्रास झाला ते कुणालाच सांगता येणार नाही. तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत अंडी घालतं, त्यामुळे घरातही फवारावं लागतं हे खरं. पण ते वेगळ्या दिवशी, आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत कुत्रा घराबाहेर.

आता पाण्यात मिसळायच्या औषधांबद्दल, कारण खरा घोळ इथे होतो. अमिट्राझची बाटली १२.५ टक्क्यांची असेल तर १ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असतं. लिटरभर पाण्यात २ मिली म्हणजे २५० मिलिग्रॅम, दहा लाखात २५० भाग. कुत्र्यांच्या अमिट्राझ स्नानासाठी हे प्रमाण रूढ आहे. तुम्ही मात्र एक झाकण मगभर पाण्यात ओतलंत. झाकण ५ मिलीचं असलं आणि मग लिटरचा, तर औषध अडीचपट झालं. तोच मग अर्ध्या लिटरचा असला तर पाचपट. सुईशिवायची ५ मिलीची सिरिंज औषधाच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळते, तिनेच मोजा. प्रमाण लेबलवर किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीत असेल तेच धरा, बाटलीची टक्केवारी बदलली की मिलीही बदलतात. हातमोजे घाला, दार-खिडकी उघडी ठेवा, तयार पाणी त्याच वेळी वापरून उरलेलं टाका. डोळ्यांना आधी वंगण मलम लावा. कुत्रा सुकेपर्यंत गळ्यात प्लास्टिकचा कोन हवा, नाहीतर तो पंजे चाटणारच. घरात मधुमेही माणूस असेल तर अमिट्राझचं हे काम दुसऱ्याने करावं, या औषधाने रक्तातली साखर वाढते. चार महिन्यांखालची पिल्लं, चिवावा आणि मधुमेही कुत्री यांना अमिट्राझ नको.

रॉकेल, फिनाईल, तंबाखूचं पाणी, झुरळांची चॉक, ढेकणांची पावडर यांचा वापर अजून होतो. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटताना ते फुफ्फुसात जातं. फिनाईलबद्दल जास्त लिहायची गरज नाही, फरशीचं आहे, फरशीलाच राहू द्या.

चौथी पायरी: पुढचे दोन दिवस काय बघायचं

सगळीच लक्षणं घाबरण्यासारखी नसतात. थेंब टाकलेल्या जागी केस चिकटतात, वाळल्यावर पांढरट भुकटी दिसते, ती औषधाची असते. थोडी लाली, एक-दोन दिवस खाज, हेही चालतं. औषध चाटलं तर कडू चवीने तोंडाला फेस येतो, पाणी पाजलं की काही मिनिटांत थांबतो. गोळीनंतर एखादी उलटी, एक-दोन पातळ संडास, एक वेळचं जेवण सोडणं हेही होतं. गोळीच उलटून पडली तर वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. दुसरी द्यायची का ते किती वेळात उलटी झाली आणि कोणती गोळी होती यावर ठरतं, स्वतःहून दुसरी देऊ नका. आणि दुसऱ्या दिवशी एखादं गोचीड चालताना दिसलं तर औषध वाया गेलं असं नाही. गोळीचं औषध रक्तात असतं, गोचिडाने चावल्याशिवाय ते मरत नाही.

पर्मेथ्रिन, फ्लुमेथ्रिनसारख्या औषधांनी काही कुत्र्यांच्या कातडीला मुंग्या येतात. कुत्रा अचानक वळून पाठीकडे बघतो, मुंगळा चावल्यासारखा उडतो, भिंतीला पाठ घासतो. बाहेरून काहीच दिसत नाही म्हणून घरचे म्हणतात नाटक करतोय. औषध धुऊन काढलं की बरेचदा भागतं.

याच्या पुढची लक्षणं दिसली तर वाट बघू नका:

– तोंड, डोळ्यांभोवती सूज, अंगभर गांधी, त्यासोबत उलट्या किंवा धाप. ही अ‍ॅलर्जी, मिनिटांत ते काही तासांत उमटते.
– थरथर, चालताना मागचे पाय एकमेकांत अडकणं, डोकं झुलणं, झटके.
– जागं न होणारी गुंगी, अंग गार पडणं, ठोके फार मंद.
– लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी, सतत लघवी-संडास, आणि बाहुल्या टाचणीएवढ्या.
– बाहुल्या मोठ्या, भिंतीवर आपटणं, दिसत नसल्यासारखं वागणं.

घरात डिजिटल थर्मामीटर असू द्या. गुदद्वारात घेतलेलं तापमान कुत्र्यात साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, तेव्हा १०२ ला ताप समजू नका. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. झोपेत श्वास मिनिटाला १० ते ३० च्या दरम्यान.

आयसोक्साझोलिनबद्दल थोडं सविस्तर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये या गटाबद्दल इशारा दिला: काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं आणि झटके येऊ शकतात, अगदी आधी कधीच झटके न आलेल्यांनाही. औषधं बाजारातून काढलेली नाहीत, बहुसंख्य कुत्र्यांसाठी ती सुरक्षित असल्याचंच सांगितलं. आमचंही मत तेच, एरवी निरोगी कुत्र्याला गोचीडतापाचा धोका याहून मोठा. मात्र फिटचा इतिहास असलेल्याला ही गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये. आणखी एक अडचण: या गोळ्यांना उतारा नाही. थेंब धुता येतात, पट्टा काढता येतो, पण पोटातून रक्तात गेलेली गोळी आठवडे अंगात राहते. म्हणून उपचार म्हणजे झटके आवरत औषध उतरायची वाट बघणं.

पाचवी पायरी: घरी काय करायचं, काय नाही

त्रास अंगाला लावलेल्या औषधाचा असेल आणि कुत्रा शुद्धीवर असेल तर आधी धुवा. पट्टा असेल तर तो काढा आणि ती जागाही धुवा. कुत्र्याचा शाम्पू पुरत नाही, तेलकट औषध काढायला भांडी घासायचं लिक्विड लागतं. पाणी कोमट. गरम पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि औषध जास्त शोषलं जातं, गार पाण्याने थरथर वाढते. दोन-तीन वेळा फेस करून धुवा, कोरडं करा, टॉवेलात गुंडाळा. झटके चालू असताना मात्र आंघोळ नको.

उलटी करवू नका. पातळ करायच्या औषधांत सॉल्व्हंट, म्हणजे औषध विरघळवणारा द्रावक असतो, तो वर येताना फुफ्फुसात गेला तर एका विषाची दोन संकटं होतात. मिठाचं पाणी तर मुळीच नाही, ते कुत्र्याला स्वतंत्रपणे विषारी ठरतं. दूध, तूप, ताक पाजून विष उतरत नाही. गुंगीतल्या कुत्र्याच्या तोंडात काहीच घालू नका. घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा सर्दीची गोळी देऊ नका. अ‍ॅलर्जीची गोळी द्यायची असेल तर कोणती आणि किती, ते फोनवर डॉक्टरांकडून घ्या. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत कुत्र्याला न चालणारे घटक असतात.

झटका आला तर त्याला पलंगावरून खाली घ्या, कठीण सामान बाजूला सारा, टीव्ही आणि दिवा बंद करा, घड्याळ बघा. दातांत चमचा घालू नका, जीभ ओढू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवायची चाल माणसांतही निरुपयोगी आहे, इथे फक्त बोट चावून घ्याल. कुणीतरी फोनवर व्हिडिओ काढा. पाच मिनिटं होऊनही झटका थांबला नाही, किंवा पूर्ण शुद्धीवर येण्याआधी दुसरा आला, तर ही आणीबाणी आहे, तसंच उचलून निघा. वाटेत एसी चालू ठेवा, झटक्यांनी अंग तापतं.

सहावी पायरी: दवाखान्यात बाटली सोबत न्या

हे का, ते एका उदाहरणातून बघा. कुत्रा लाळ गाळतोय, ठोके मंद, पायात बळ नाही. गोठ्यातलं ऑर्गॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा आणखी एक गट) लावलं असेल तर अ‍ॅट्रोपिन हे त्याला वाचवणारं इंजेक्शन. अमिट्राझ असेल तर अ‍ॅट्रोपिन टाळतात, कारण अमिट्राझने आधीच मंदावलेली आतडी त्याने आणखी बंद पडतात आणि रक्तदाब चढतो. तिथे योहिम्बिन किंवा अटिपामेझोल लागतं. बाहेरून दोघांचं चित्र पुष्कळदा सारखं दिसतं. फरक बाटलीवर लिहिलेला असतो. अमिट्राझ दिलंय हे सांगितलं नाही तर रक्तातली वाढलेली साखर बघून मधुमेहाचा संशय येऊ शकतो, तो घोळ वेगळाच.

आयव्हरमेक्टिनचं गणितही डॉक्टरांना मिलीत सांगा. एक टक्क्याच्या बाटलीत १ मिली म्हणजे १० मिलिग्रॅम. हार्टवर्म, म्हणजे हृदयात राहणारे जंत, टाळायची महिन्याची मात्रा किलोला ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला अवघी ६० मायक्रोग्रॅम. जनावरांच्या बाटलीतलं अर्धा मिली टोचलं तर त्याच कुत्र्यात ५००० मायक्रोग्रॅम गेले. कोली गटातल्या कुत्र्यांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असू शकतो. मेंदूत शिरणारं औषध बाहेर ढकलणारा पंप त्यांच्यात चालत नाही, त्यामुळे इतरांना सोसणाऱ्या मात्रेतही ती आंधळी होतात, बेशुद्ध पडतात. हा दोष २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या कॅट्रिना मीली यांच्या गटाने शोधला. पिसवांवरची स्पिनोसॅडची गोळी आयव्हरमेक्टिनच्या मोठ्या मात्रेसोबत पडली तर साध्या जातीतही असंच होऊ शकतं.

लपवू नका. ‘थोडंसंच लावलं’ या उत्तराने कुणाचंच भलं होत नाही. लिटर, झाकण, वेळ, जे असेल ते सांगा.

सातवी पायरी: पुढच्या वेळचं औषध

कुत्रा सावरला की कार्डावर ब्रँडचं नव्हे, घटकाचं नाव लाल पेनाने लिहा. अफोक्सोलॅनरने झटके आले असतील तर दुकानदार फ्लुरालॅनर काढून देईल आणि म्हणेल कंपनी वेगळी आहे. कंपनी वेगळी, घराणं तेच. जंतांच्या औषधासोबत मिळणाऱ्या नेक्सगार्ड स्पेक्ट्रा, सिम्पारिका ट्रायो या गोळ्यांतही तोच गट आहे. अशा कुत्र्यासाठी डॉक्टर बहुधा फिप्रोनिलसारख्या दुसऱ्या गटाकडे वळतात. नुसती जागेवरची लाली असेल तर इतकं टोकाला जायची गरज नसते, कधी कधी त्रास औषधाचा नसून त्यातल्या द्रावकाचा असतो. बॅच नंबरसह त्रासाची माहिती खोक्यावरच्या पत्त्यावर कंपनीला कळवा.

मधले काही दिवस औषध नसेल तर हाताने काढायचं. रोज फिरून आल्यावर कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीखाली बोटं फिरवा. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून गोचिडाला तोंडाजवळ धरा आणि न पिळता सरळ ओढा. तूप, पेट्रोल, उदबत्ती लावून सुटायची वाट बघू नका. निघालेलं गोचीड बोटांनी फोडू नका, स्पिरिटच्या झाकणबंद बरणीत टाका.